शेजारच्या सीटवरचं माणूस

११ जानेवारी

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन नावाची वस्तू जगात आहे हे मलाही ठाऊक आहे. पण तुझा फोन आला की तुझा दादा स्पीकर लावतो. मग ड्रायव्हिंग क्लासच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या चार पोरी, पंक्चरवाला आणि पाण्याचे जार टाकायला आलेला माणूस असे सगळे मिळून तुझी खुशाली ऐकतात. असल्या बाजारात नणंद-भावजयीने बोलायचं तरी काय, कपाळ! म्हणून हा कागद.

परवा मी विचारलं, "गाडी चालवायला लागलीस ना?" तर तू म्हणालीस, "बघू." मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू आठवीत होतीस. तेव्हापासून तुझं "बघू" मी ओळखते. गणितात आपटलीस तेव्हाही बाबांना "निकाल बघू" म्हणाली होतीस. आजारी माणसांच्या घरोघरी जायची नोकरी तुझी, ती काय पायी पायी करतेस?

आणि एक सांगायचं राहिलं. दादाने क्लासच्या दारावर तुझा मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, "आमच्याकडे शिकलेली विद्यार्थिनी आज परदेशात गाडी चालवते!" लोक थांबून वाचतात. तेव्हा खरं काय ते मला एकटीला कळव.

क्लच दाबून दाबून जिचा गुडघा कामातून गेला ती,
वहिनी

*

२ फेब्रुवारी

वहिनी,

आधी साष्टांग नमस्कार घालते, म्हणजे मारायला तुला सोपं जाईल. फोटो काढ. मी गाडी चालवत नाही.

इथला नियम असा की बाहेरच्या देशातलं लायसन्स काही महिनेच चालतं. त्यानंतर ते पाकिटात ठेवायचं नुसतं कार्ड. माझी मुदत कधीच संपली. सोळा वर्षं गाडी चालवलेल्या तुझ्या नणंदेला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला: लेखी परीक्षा, मग शिकाऊ परवाना, गाडीला पुढेमागे शिकाऊची पाटी. लेखी परीक्षेच्या खोलीत माझ्यासारखेच दहा-बारा देशांचे लोक होते. एका स्वयंपाक्याने आपलं जुनं कार्ड खिडकीत दिलं, नवं घेतलं आणि चालता झाला. त्याच्या देशाचा नि या देशाचा म्हणे करार आहे. एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आमच्याकडे आधी प्रथमोपचार शिकावे लागतात, मग गाडीला हात." एक मुलगी म्हणाली, तिच्या देशात नव्या ड्रायव्हरला पहिलं वर्षभर रात्री गाडी काढता येत नाही. मी सांगितलं, आमच्याकडे आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. सगळ्यांनी विचारलं, "रस्त्यावर आठ कुठे असतो?"

लेखीत पास झाले. प्रत्यक्ष परीक्षेत नापास झाले. का, ते ऐक. कोपरा आला की हॉर्न, हा तुझा पहिला धडा. तीन कोपरे, तीन हॉर्न. तिसऱ्याला एका बाईच्या हातातली झारी खाली पडली. परीक्षक मला म्हणाले, "तिने तुमचं काय वाकडं केलंय?" वहिनी, इथे हॉर्न म्हणजे शिवी ग!

पुढची तारीख जूनमधली मिळालीय. आमच्या इनचार्ज बाईंनी स्पष्ट सांगितलंय, जून संपेपर्यंत लायसन्स नसेल तर जागा दुसरीला. त्यांचंही चूक नाही. बसने फिरते म्हणून सकाळचं ड्रेसिंग दुपारी होतं. ही नोकरी गेली तर सामान बांधून परत यायचं. मधल्या काळात सराव करायचा, पण शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी काढायची नाही. शेजारी बरीच वर्षं लायसन्स असलेलं माणूस हवं. असं माणूस मी कुठून आणू?

दादाला सांगू नकोस.

तुझी नापास

*

२१ फेब्रुवारी

माझ्या नापास बाळे,

काय मेला देश म्हणायचा हा! हॉर्न न वाजवता वळणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात शिरणं. मी तर म्हणते, त्या झारीवाल्या बाईने आभार मानायला हवे होते. दोन दिवस माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. शेवटी दादा म्हणाला, "कुणावर एवढी चिडलीयस?" मी म्हटलं, "गिअरबॉक्सवर."

मग राग उतरल्यावर वाटलं, त्यांच्या घरात त्यांची रीत. सोड हॉर्न. हात शिवशिवला तर स्टिअरिंग घट्ट धर.

फोटो मी काढला नाही, पण वाऱ्याने तो थोडा वाकडा झालाय आणि मी सरळ करत नाहीये. एवढं पुरे.

नोकरीचं वाचून मात्र घास उतरेना. तू तिथवर कशी पोचलीस ते मी बघितलंय. बाबांची पेन्शन, दादाची ओढाताण आणि तुझी जागरणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. माणूस शोध. लाजू नकोस. पेशंटांच्या पायावर पट्ट्या बांधतेस, त्यांच्यातल्या कुणाचा तरी हात धर.

वहिनी

*

९ मार्च

वहिनी,

तुझ्या तोंडात साखर पडो! माणूस मिळालं, आणि पेशंटांमध्येच मिळालं. स्वतःची गाडी आहे, वेळ आहे आणि स्वभाव इतका शांत की काय सांगू. आठवड्यातून तीनदा जातो. शहराच्या कडेने नदीपर्यंत, तिथून पुलावरून परत.

शिकवायची पद्धत तर तू ऐकच. ते मला म्हणाले, "चालवताना जे जे दिसेल ते मोठ्याने बोला." मग मी बोलत जाते: सिग्नल लाल आहे, डावीकडून सायकल येतेय, पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, फुटपाथवर आजी आहेत, त्या थांबल्या, सिग्नल हिरवा. मी बोलायची थांबले की ते लगेच विचारतात, "पुढे?" अग, बोलायला लागल्यापासून मला रस्ता दिसायला लागलाय! सोळा वर्षं मी नुसती बघत होते. मनापासून उपकार वाटतात त्यांचे. एक पैसाही घेत नाहीत.

घाईत लिहितेय, बस येईल.

तुझी शिकाऊ

*

२६ मार्च

वन्सं,

(मुद्दाम म्हणतेय वन्सं. कारण खाली आहे.)

पत्र चारदा वाचलं. गाडी आहे, वेळ आहे, स्वभाव शांत आहे, पैसा घेत नाहीत, आठवड्यातून तीनदा नदीकाठी जाता. सगळं लिहिलंस. वय लिहिलं नाहीस! चाळिशीला आलीस म्हणून काय झालं? मी अजिबात चौकशी करत नाहीये. फक्त उंची, शिक्षण आणि घरी कोण कोण असतं एवढंच कळव. दादाला मी अजून काही बोलले नाही, पण कालपासून आपली आपण हसतेय म्हणून तो घाबरलाय.

ती पद्धत मात्र लाखातली. मी सोमवारपासून क्लासमध्ये सुरू केली. पहिल्या दिवशी एकीने सुरुवात केली, "पुढे खड्डा, त्याच्यापुढे खड्डा, त्याच्या बाजूला..." आणि दमून गाडीच बंद केली. पण दुसरी, बँकेतली, जिचा हात महिनाभर कापत होता, ती बोलायला लागली आणि कापरं गेलं! त्या भल्या माणसाला माझे आभार सांग. म्हणावं, तुमच्या मोठेपणाने इथल्या पोरी शहाण्या होतायत.

उतावीळ,
वहिनी

*

१५ एप्रिल

वहिनी,

वय अठ्ठ्याहत्तर. उंची होती, आता वाकलेत. शिक्षण, शहरातली बस बत्तीस वर्षं चालवली एवढं. घरी कुणी नाही. त्यांची बायको, म्हणजे आजी, दोन वर्षांपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहेत, आणि आजोबा रोज दुपारी स्वतः गाडी चालवत त्यांना भेटायला जातात. पायाची जखम भरत नाही म्हणून मी त्यांच्याकडे जाते. झालं समाधान? हसून घे. कारण पुढचं हसायचं नाही.

गेल्या मंगळवारी माझा घसा बसला होता. आवाजच फुटेना. आजोबांना म्हटलं, आज न बोलता चालवते. चौकात सिग्नलला थांबलो. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "हिरवा झाला का?" दिवा समोर होता, वहिनी. लख्ख. मी त्यांच्याकडे वळून बघितलं. ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिवा शोधत होते. तशी मान मी वॉर्डात खूप बघितलीय. डोळ्याच्या पडद्याचा आजार असतो, त्यात मधलं दिसेनासं होतं आणि फक्त कडेचं दिसतं. ऑपरेशनने भरून येत नाही.

ती पद्धत नव्हती ग. त्यांना दिसत नाही, म्हणून ते मला बोलायला लावत होते. आणि रोज दुपारी तेच आजोबा एकटे, सवयीने, पाठ असलेल्या रस्त्याने गाडी नेतात.

मी नर्स आहे, असं दिसलं की डॉक्टरांना कळवणं माझं काम. कळवलं की त्यांचं लायसन्स जाणार, आजींकडे जाणं तुटणार. दोन बस बदलून जखमेच्या पायाने कसे जातील? आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार हा नव्हताच. पहिला विचार आला, मग माझ्या शेजारी कोण बसणार? जून तोंडावर आलाय. गप्प बसले तर माझी नोकरी वाचते. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. दोन रात्री हाच हिशोब करतेय आणि स्वतःची किळस येतेय.

काय करू ते सांग. लवकर लिही.

धाकटी

*

२ मे

धाकटे,

पत्र हातात पडल्या पडल्या लिहायला बसले. गाडी बाहेर उभी आहे, पोरगी हॉर्न वाजवतेय, वाजवू दे.

बाबांची स्कूटर आठवते? तू नर्सिंगच्या होस्टेलवर होतीस. सुट्टीत आलीस तर स्कूटर नाही. दादा म्हणाला, "मी विकली." तू त्याला काय काय बोललीस! पैशाला हपापलेला म्हणालीस, आणि सबंध सुट्टी त्याच्याशी बोलली नाहीस. तो खाली मान घालून जेवत राहिला. आज सांगते, ती त्याने विकली नाही. बाबांकडून किल्ली मी मागून घेतली होती.

मामंजींना दिसेनासं झालं होतं. दूध घेऊन येताना रस्त्यावरच्या पोराला ते घासून आले आणि त्यांना कळलंही नाही. मी बघितलं. दादाला म्हटलं, तुम्ही सांगा. तो मुलगा ना, त्याची जीभ रेटेना. मग मीच गेले, आणि सरळ म्हटलं, "मामंजी, तुम्हाला दिसत नाही. उद्या कुणाचं पोर जाईल आणि तुम्ही जन्मभर झोपणार नाही. किल्ली द्या." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पावसाळाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाढलेलं जेवायचे, पण मान वर करायचे नाहीत. सासऱ्याला असं बोलणारी सून, असं नातेवाइकांत नाव झालं ते वेगळं. दादाने तुझ्यापुरता तो आळ स्वतःवर घेतला, मला म्हणाला, "तिला आई नाही, तूच आहेस. ती तुझ्यावर रुसायला नको."

मग एक दिवस मामंजी काठी टेकत क्लासवर आले आणि म्हणाले, "सूनबाई, मोकळा बसून काय करू? तुझ्या पोरींना रस्त्यावरच्या खुणा शिकवतो." शेवटपर्यंत शिकवल्या. तुला वाटायचं त्यांना हौस होती. होती, पण नंतर लागली.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. ढसाढसा रडायचे. पण मी शिकवायला बसते तेव्हा माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. तो कशासाठी? शिकणारी रागावेल म्हणून दाबायचा नाही, असं असतं का?

डॉक्टरांना कळव, पण त्याआधी त्यांच्या तोंडावर सांग. मागून कळलं तर तो माणूस उभा मोडेल. आणि आपल्या पहिल्या विचाराची किळस करू नकोस. पहिला विचार कुणाच्या हातात असतो?

वहिनी

*

२१ मे

वहिनी,

सांगितलं. आधी त्यांना, मग डॉक्टरांना.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग गाडीची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "तुम्ही पायाचं बघायला येता, पायाचं बघा." त्यानंतरच्या दोन्ही वेळा दार उघडं ठेवलेलं होतं. ते खुर्चीत बसले, पाय स्टुलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. मी पट्टी बांधून निघाले.

डोळ्यांची तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनी त्यांना गाडी बंद केलीय. माझी गाडी गेली, शेजारचं माणूस गेलं. इनचार्ज बाईंनी परवा पुन्हा तारीख विचारली.

दादाला मी काल फोन केला होता. त्याने स्पीकर लावला होता का ते माहीत नाही. लावला असेल तर तुझ्या पोरींनीही ऐकलं असेल, मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कसली माफी? आवाज तुटतोय तुझा." आवाज स्वच्छ येत होता.

तुम्हा दोघांचं मी काय देणं लागते, ते मला या वयात कळतंय. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे आधी कळायला हवं होतं.

धाकटी

*

५ जून

वेडाबाई,

स्पीकर लावला होता. पंक्चरवाला डोळे पुसत होता.

नोकरी गेली तर घरी ये. दुसरी गाडी तुझी, सकाळच्या बॅचच्या पोरी तुझ्या. मी तुला हे करायला सांगितलं, तेव्हा तुझ्या परीक्षेपेक्षा त्या आजोबांचा आणि रस्त्यावरच्या लेकराबाळांचा विचार मी आधी केला. त्याबद्दल तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. तुझा मला फार अभिमान वाटतो, हे लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलायला गेले तर मी काहीतरी चावटपणा करीन.

आजोबांच्या पायाकडे जातेस ना? जात राहा. बोलले नाहीत तरी पाय तरी पुढे करतायत.

वहिनी

*

१ जुलै

वहिनी,

बसून वाच. दादालाही बसव. आज हवं तर स्पीकर लावा.

तुझं पत्र यायच्या आधीच एका सकाळी आजोबा कोट घालून दारात उभे होते. म्हणाले, "पट्टी नंतर. मला डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. बसने." आम्ही बसने गेलो. बस चालवणारी बाई त्यांना बघून चक्क सीटवरून उठून उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी आजोबांनीच तिला बस शिकवली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. तिथून आजोबा मला लायसन्सच्या ऑफिसात घेऊन गेले आणि कुणी मागायच्या आत आपलं कार्ड खिडकीतून आत सरकवलं. आतल्या मुलीने विचारलं, "कारण?" ते म्हणाले, "या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं." मग ऑफिसच्या पायरीवर बसून खूप वेळ नाक पुसत होते. मी शेजारी बसले.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "मी रागावलो होतो, कारण माझ्या मुलानेही हे ओळखलं होतं आणि तो बोलला नाही. परक्या बाईने बोलावं याची लाज वाटली. आता तसं वाटत नाही." आणि त्यांनी त्या बसवाल्या बाईला फोन लावला. बिचारी ड्यूटी संपवून, दिवसभर बस हाकून, रोज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. आजोबांचं नाव सांगितल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला नाही.

वहिनी, मी पास झाले! हॉर्नला बोटसुद्धा लावलं नाही. इनचार्ज बाईंनी कागदावर सही केली, नोकरी पक्की. मी त्यांच्यासमोरच रडले, आणि त्यांनी मला पेशंटसारखं पाणी पाजलं.

काल सुट्टी होती. आजोबांना आजींकडे घेऊन गेले, त्यांच्याच गाडीतून. पाटी नाही, परीक्षक नाही. सीटवर ते अगदी ताठ बसले. पहिल्या चौकात त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत खाली दाबला गेला, मला दिसलं. दुसऱ्या चौकातही दाबला. म्हणाले, "पन्नास वर्षांत चालत्या गाडीत माझा डोळा लागलेला नाही. मी ड्रायव्हर माणूस." मी बरं म्हटलं. पुलावर मी काहीतरी विचारलं, तर उत्तर नाही. बघते तर मान छातीवर, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल. वहिनी, आजोबा झोपले होते.

तू आयुष्यभर त्या सीटवर बसलीयस. याचा अर्थ मी तुला काय सांगू? शुश्रूषागृहाच्या दारात गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि त्यांना उठवलं नाही. आजी आत वाट बघत असणार हे कळत होतं, तरी थोडा वेळ तशीच बसले. बाबांची आठवण आली. तुझी आली, दादाची आली. ज्या ज्या माणसांनी माझ्या शेजारी बसून मला इथवर आणलं, त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

मग त्यांनी डोळे उघडले. इकडे तिकडे मान तिरकी केली.

"पोचलो का?"

"पोचलो, आजोबा," मी म्हटलं, आणि दार उघडायला उतरले.

तुमची दोघांची,
धाकटी